दशी

पहिलं वेळापत्रक मी कॅलेंडरच्या पाठीवर काढलं,
सोळा तासांचं.
चारला उठणे, हिरव्या स्केचपेननं.
चार ते सहा गणित, सहा ते आठ विज्ञान,
जेवायला पंधरा मिनिटं.
आंघोळ लिहायची राहूनच गेली.
शिवलीलानं बघितलं नि विचारलं,
"ही मुलगी कोण गे? तुमच्यातच ऱ्हाते?"

ते दीड दिवस चाललं.
खरं तर एकच. दुसऱ्या दिवशी चारला उठले,
वही उघडली नि वहीवरच झोपले,
गालावर स्पायरलची नक्षी घेऊन सातला जागी.

हलगेकर सर म्हणाले,
आधी आठवडाभर नुसतं लिही
वेळ जातो कुठं ते.
किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं,
लाज न वाटता.

सोमवार. शाळा सुटून घरी साडेपाच.
सातपर्यंत कांड्या भरल्या, आईचा हात दुखतोय.
माग सुरू असले की पाठांतर होत नाही,
ओठ हलतात, आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही.
पण गणित होतं. गणिताला खटखट चालते.
दहावीपर्यंत हे मला माहीतच नव्हतं.

मंगळवार. आठ दिवसांनी नळाला पाणी,
रात्री अकराला.
घागरी, पिंप, बादल्या, शेवटी फराळाचे डबेसुद्धा.

बुधवार. करंट गेला. चारी माग एकदम गप्प.
त्या शांततेत माझे इतिहासाचे दोन धडे झाले,
आप्पा दारात बसून
खांबावरच्या तारेकडे बघत होते.
करंट आला तेव्हा
दोघांपैकी एकाचंच तोंड उजळलं.

गुरुवार. काही नाही. खरंच काही नाही. मोबाईल.

बेरीज केली. दिवसाला दोन तास चाळीस मिनिटं.
थोडी रडले.
मग हिशेब चुकलाय का ते परत बघितलं.
बरोबर होता.

कन्नडला रोज पंचवीस मिनिटं, शिवलीलाच्या जिन्यावर.
बसची पाटी मी झटकन वाचते,
निबंधात मात्र जोडाक्षराचं शेपूट
खाली लोंबवायचं हमखास विसरते.
बदल्यात मी तिला प्रमेयं समजावते,
निम्मी तिच्या भाषेत, निम्मी माझ्या.
त्रिकोण दोन्हीकडं तेवढाच भरतो.

धुळवड गावात, रंगपंचमी आमच्या वडगावात,
दोन्ही दिवस गेले असं धरून चालले.
यळ्ळूरच्या मामाची वास्तुशांत, तो तिसरा.

उरलेले चौकोन गच्च भरले.
भूगोल, भूगोल, विज्ञान, उजळणी,
उजळणीची उजळणी.

रात्री आप्पा मागं येऊन उभे राहिले.
"काय करूलालीस गे?"
"वेळापत्रक."
त्यांनी ते वाचलं नाही,
सूत मोजतात तसं बोटानं चौकोन मोजले.
"सगळं भरलंस. दशी कुठं सोडलीस?"

ताणा कितीही लांब लावा,
शेवटचं वीतभर विणता येत नाही.
ते वाया जाणार हे धरूनच सूत घ्यायचं,
नाहीतर अखेरची साडी आखूड पडते
आणि व्यापारी ती घेत नाही.
एवढं बोलून ते तेलाची बुधली घेऊन
तिसऱ्या मागाकडं गेले.

मी खोडरबर घेतला.
दर रविवार कोरा केला, बुधवारची संध्याकाळ कोरी केली.
भूगोलाचा एक धडा कायमचा सोडला,
तो सरांना सांगितलेला नाही.

आता पेपराला एकतीस दिवस.
कागद मागाजवळच्या खिळ्याला टांगलाय,
त्यावर रोज कापसाची लव बसते, रोज झटकते.
एकोणीस दिवसांत तीनदा मोडलं.
परवा ताप आला होता.
रविवारच्या कोऱ्या चौकोनात मी 'ताप' लिहिलं
आणि पुढचं काहीच सरकलं नाही.

पावणेसहा झालेत. आईनं कांड्या स्वतःच घेतल्या आज.
माग सुरू झाले.
गणित काढते.