एक स्क्रू उरला

फोन हलवला की आत काहीतरी खुळखुळतं,
असं अनसूया म्हणाली.
मला कुठलं ऐकू यायला.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या मागांवर जॉबर.
कानातलं बारीक सूत कधी तुटलं कळलं नाही,
आणि तिथे सांधणारा जॉबर नसतो.

मग फोन मुठीत धरला, डोळे मिटले, हळूच हलवला.
होतं.
उजव्या कोपऱ्यात, खाली.
सैल बेअरिंग मी असंच ओळखतो, तळहाताने.

घंटी माझ्या कामाची नाही.
खिशात थरथरलं की समजायचं, मानसा,
भिवंडीहून, जेवणाच्या सुट्टीत, सव्वा वाजता.
नऊ दिवस खिसा गप्प.
नऊ दिवस पोरगी फोन करून थकली
आणि आईला विचारते, नान्ना रागावलेत का?

नवी पेठेतल्या पोराने फोन उलटासुलटा केला,
वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं: अठराशे.
अठराशेत मी अख्खा माग
उघडून परत लावतो, बाळा.

सुट्टीचा दिवस. वैशाखातली दुपार.
मागचं झाकण गोंदाने चिकटवलेलं असतं,
ऊब दिली की सुटतं म्हणे.
सोलापुरात उबेचा काय तोटा!
फोन बंद केला, काळ्या फडक्यात गुंडाळला,
पत्र्यावर ठेवून शेजारीच उभा राहिलो,
पापडांना राखण बसावं तसा.
सात मिनिटं. जास्त नको, आत बॅटरी आहे.

मुदत संपलेलं एटीएम कार्ड कडेने सरकवलं,
फणीत तार भरताना धरतो तसा श्वास धरून.
झाकण सुटलं ते बोटांना कळलं.

आतलं काम बघून मात्र गप्पच झालो.
एवढ्या जागेत एवढी वीण,
आणि एकही गाठ वर आलेली नाही.
अनसूयाच्या विड्यांच्या सुपात
स्क्रू मांडले, निघाले त्या क्रमाने, अकरा.
पंखा बंद. घाम नाकावर.

सापडला.
हरभऱ्याच्या डाळीएवढा,
आपल्या खोबणीतून निसटून आडवा पडलेला.
अख्खा फोन हलवायचं काम ह्या एवढ्याशाचं!
गोंद वाळून नुसता पापुद्रा उरलेला.

माझी बोटं जाड. तीनदा निसटला.
काय करायलात, सरका, असं तिचे ओठ म्हणाले.
दिवसाला आठशे विड्यांची तोंडं मिटते ती
पत्र्याच्या नखाने. तेच नख लावलं,
डाळ उचलली,
दोन सोनेरी स्प्रिंगांवर अलगद बसवली.
वर टॉवेलच्या काठाचा तुकडा मी कापून दिला,
ठोका असतो तिथे गादी लागतेच.
तिने तो अर्धा केला. मग बसला.

उलट क्रमाने सगळं लावत आलो,
झाकण दाबलं, वर वरवंटा ठेवला.
सुपात एक स्क्रू उरला.
कुठला, ते अजून माहीत नाही.
मागांचंही असंच करता काय, तिने विचारलं.
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
ते मला चांगलं जमतं.

संध्याकाळी तिने चुलीपाशी उभं राहून
तिच्या फोनवरून माझा नंबर लावला.
खिशात काहीतरी जागं झालं.
मी मान डोलावली,
तरी तिने लगेच बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात
खाली फरशी हलत होती, नेहमीची.
वर डावा खिसा हलला.
दोन्ही वेगळे कळतात, सांगून पटणार नाही.
अजून एक वाजायचा होता.
नंबर अनोळखी,
कर्ज हवंय का विचारणारे कुणीतरी असणार.
उचलला नाही.
पण कापलाही नाही,
हात धोट्यावर तसाच ठेवून
थरथरू दिला त्याला,
त्याचा तो थांबेपर्यंत.