खाली कोण झोपतं

बापाने बांधलं ते एकसष्टच्या उन्हाळ्यात,
उसन्या बुलडोझरने, नकाशाबिकाशा काही नाही.
ओढ्याच्या तोंडाला चिकणमाती लोटली,
वरून ट्रॅक्टर पुढेमागे करत दाबली
आणि आईला म्हणाला, गुरांच्या पाण्याचं मिटलं.
अठ्ठावीस फूट उंची. मालक : एल्डन टॅकेट.
त्याच्यामागे मी.

मिसुरीच्या या डोंगराळ कोपऱ्यात असली तळी पुष्कळ.
ज्याचं त्याचं तळं, ज्याची त्याची पाळ.

काल सरकारची बाई आली, वेनेटा होल्ट,
गमबूट, हातात लोखंडी काठी.
पाळीवरून तीनदा गेली, तीनदा आली.
मस्करॅटच्या बिळात काठी घातली,
तिच्या मुठीपर्यंत आत गेली.
भरावावरच्या दोन सीडरांना हात लावून म्हणाली,
तोडू नका लगेच. मुळं कुजली की पाण्याला आयती वाट.
पायथ्याशी ऑगस्टातही गवत हिरवं होतं,
तिथे वाकली, बोट बुडवलं, उजेडात धरलं.
"नितळ आहे. गढूळ दिसलं, तर सकाळची वाट बघू नका."

मग कागद भरला.
धोक्याचा वर्ग : उच्च.

मी म्हणालो, बाई, साठ वर्षांत ढेकूळ हललं नाही.
त्र्याण्णवच्या पुरात मोठमोठे पूल गेले,
ही पाळ जागची हलली नाही.
ती म्हणाली, टॅकेट, पाळ कशी आहे तो रकाना वेगळा,
त्यात मी 'बरी' लिहिलंय.
उद्या नवीकोरी बांधलीत तरी वर्ग हाच.
हा रकाना
खाली कोण झोपतं त्याचा आहे.

बापाच्या वेळी खाली काय होतं?
सायकामोरची झाडं, मोडकं कुंपण, कासवं.
जुन्या कागदावर 'अल्प' लिहिलंय,
शेजारी बापाची सही, शाई फुटलेली.

खालचे दोन एकर मीच विकले,
लोरेटाच्या डायलिसिसच्या वर्षी.
शेलीन ओडमने पैसे रोख मोजले,
ट्रकवरून आख्खं घर आणून ओढ्याकाठी ठेवलं.
लोरेटा तरी राहिली नाही.
माती तीच, पाणी तेच.
मी एक सही केली
आणि न फुटता, न वाढता
धरण दोन इयत्ता वर चढलं.

बाईने एक फॉर्म ठेवलाय.
फुटू लागल्यास पहिला फोन कुणाला?
नऊ वर्षांचा शेजार, आणि माझ्याकडे नंबर नाही.

संध्याकाळी उतरून गेलो.
अंगणात फुगवलेला प्लास्टिकचा हौद,
त्यात तिचा पोरगा गुडघाभर पाण्यात पालथा.
शेलीन दारात आली : वर काही झालंय का?
नाही, म्हटलं. नंबर पाहिजे होता.
तिने नंबर लिहिला बियाण्याच्या पिशवीच्या तुकड्यावर.
का, ते विचारलं नाही.
माझ्याकडे बघत राहिली, मग वर, पाळीकडे.
सांगायला हवं होतं.
पोराने विचारलं, वर मासे आहेत?
आहेत, म्हटलं, कॅटफिश. ये कधी गळ घेऊन.

रात्री टॉर्च घेऊन पायथ्याशी गेलो, बोट बुडवलं.
नितळ.
तिच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड.
तिथपर्यंत चालत गेलो, पावलं मोजत.
चारशे बारा.
पाण्याला किती लागतील
ते बाईने फॉर्मवर लिहून ठेवलंय,
मिनिटांत.
दार वाजवायला हात उचलला होता.
आतला उजेड विझला.