शीर्षाची ओळ

कोरचीत, सायकलदुकानामागच्या दोन खोल्यांत
आठ वर्षं मी संस्थेचे हिशेब लिहितो.
रुपया येतो तोच आपलं लेखाशीर्ष घेऊन.
प्रशिक्षण. पोषण. बॅनर, नग दोन.
बॅनर पुष्कळ झालेत.
एक छताच्या भोकाखाली बांधलाय,
तो कोणत्या शीर्षात, कोणी विचारलं नाही.

जैवंता हलामीला चौदा गावांतल्या
गरोदर बाया नावानिशी पाठ.
तिच्या लुनाच्या टायरला मात्र
कुठल्याच अर्जात रकाना नव्हता.
आणि तिचा पगार तीन महिने
"पुढच्या सोमवारी" होता.

काल पत्र आलं, एका पानाचं.
उलटून पाहिलं. मागे कोरं.
"तुम्हाला लागेल तसे खर्च करा."
जैवंता म्हणाली, "नीट वाचा ना बाप्पा,
बारीक अक्षरात असन काही तं."

नव्हतं.

वहीत नवं पान काढलं,
शीर्षाची ओळ तशीच सोडली.
जैवंता, तीन महिने.
टायर, मागचा.
वीजबिल, थकीत.
मग पेन थांबलं.
काय मागता येईल, ते लिहिता येतं मला;
काय लागतं, ते कधी लिहिलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने,
भिंतीकडे बघत जैवंता म्हणाली,
"संडासाले कडी लिहा.
आतून."