मात्रा

चालणे. तीस मिनिटं. आठवड्यातून पाचदा.
खाली माझी सही, शिक्का.
आल्गोतने कागद उलटून पाहिला,
"आणि संपलं की?"
लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं एका जागी उभा राहिलेला माणूस;
चालत जायचं कुठं, हेच त्याला कळेना.

फेब्रुवारीत लुलेओचा समुद्र गोठतो,
त्यावरून रस्ता निघतो.
खिडकीतून दिसतो तो, घसरगाडी ढकलताना.
पुढची खुर्ची रिकामी,
तिच्यावर बायकोची लाल घोंगडी,
नीट घडी घातलेली.

काल इथं खाली थांबला.
मी रिपोर्टांत बुडालेली, तिसरी कॉफी गार.
त्यानं खुर्चीकडे बोट केलं.
कोट चढवून उतरले, बसायला वाकले,
तर हाच बसला,
घोंगडी गुडघ्यांवर ओढून.
"दांडा धरा, डॉक्टर."