स्ट्रॉमधून जाईल इतकं

जानेवारीत सोहारला टोमॅटोचा भाव पडतो.
सहमच्या रस्त्याला बलुशीच्या मळ्यापाशी गाडी थांबवून
मी एक पेटी मागितली.
त्यानं डिकीत दोन चढवल्या. "शिल, शिल,"
ने बाबा, नाहीतर शेळ्याच खातायत.

घरी हरेश्वर तांडेल.
उरणचा माणूस, बंदरावर क्रेन चालवतो,
चाळीस टनांचा कंटेनर बोटावर टेकवल्यासारखा ठेवतो
आणि बाथरूममध्ये साबणावरून घसरून
जबडा मोडून घेतो.
वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधलेत. सहा आठवडे.
बोलायचं ते पेन्सिलीनं, लाइटबिलांच्या मागे.
गिळायचं ते स्ट्रॉनं.
मुलीला अजून सांगितलेलं नाही. फोन वाजतो, वाजून थांबतो.
तिला वाटतं, बाबा रुसलेत.

अकराव्या दिवशी त्यानं लिहिलं:
दूध नको. ताक नको. तुझी ती पेज तर नकोच.
आणि खाली, रेघ मारून: काहीतरी भाजलेलं.

भाजलेलं कसं प्यायचं असतं?

सहा वर्षं त्या ओव्हनमध्ये आम्ही कढया ठेवतोय.
तवा काढला, पोळपाट काढला,
पापडाचं एक पाकीट, कुणी आणलं होतं आठवेना,
झुरळ एक, पाय वर करून.
बटणावरचे आकडे पुसलेले.
मी स्मेल्टरमध्ये भट्ट्या तपासतो;
वीट गुंजेसारखी लाल दिसली की सातशे,
केशरी झाली की हजाराच्या आसपास.
इथं नुसता काळोख, तळाशी निळी ज्योत.
हात आत धरला.
मनगटावरचे केस चुरचुरले. चालेल.

टोमॅटो अर्धे चिरून, तोंडं वर.
जाडं मीठ, शेंगतेल, एक कांदा,
लसणाची अख्खी गड्डी, न सोलता.

कामावर कुठे काळं पडलं की मी रिपोर्ट लिहितो.
इथं काळं पडेपर्यंत थांबायचं होतं
आणि ते मला जमेना.
तीनदा दार उघडलं.
तिसऱ्यांदा हरेश्वर स्टूल ओढून शेजारी बसला,
पेन्सिलीनं माझ्या हातावर टकटक केलं:
थांब.

थांबलो.
कडा करपल्या. रस आटून ट्रेला धरला.
वास आला तसा तो पुढे झुकला, डोळे मिटून,
आणि त्याचा जबडा आपसूक उघडायला गेला.
तारा ताणल्या. दुखलं असणार.
तो मागे सरला नाही.

मिक्सरनंतर खरं काम.
एक बी अडकली तरी स्ट्रॉ बंद.
चहाच्या गाळणीतून गाळलं, पुन्हा गाळलं,
मग नव्या पंचातून, पिळून, कोपरापर्यंत लाल होत.
साली, बिया, ते काळे तुकडे, सगळं फडक्यात राहिलं.
मला वाटलं, झालं,
त्यानं मागितलेलंच मी गाळून टाकलं.
चमचा जिभेवर ठेवला.
नाही. धूर खाली उतरला होता.

स्टीलच्या मगात दिलं, कोमट.
तो पीत होता तेवढ्यात फोन वाजला.
ह्या वेळी त्यानं घेतला, कॅमेरा बंद ठेवून,
आणि स्ट्रॉ तळाला लागेपर्यंत ओढली.
सुर्र्र्र्र.
ह्याच आवाजावरून त्यानं पोरीला लहानपणी
ताटावरून उठवलं होतं म्हणे.
पलीकडे एक क्षण काही नाही. मग, "बाबा? काय पिताय?"

त्यानं फोन माझ्या हातात दिला, बिल पुढे सरकवलं.
सांग तिला: सार.
नारळ नाही, फोडणी नाही, कोकमाचं एक आमसूलसुद्धा नाही.
मी म्हटलं, सूप पितोय गं तो, टोमॅटोचं.

त्यानं पेन्सिल उचलली
आणि सार ह्या शब्दाखाली
कागद फाटेल इतकी जोरात
दुसरी रेघ मारली.