गोव्याच्या अलीकडे

अकोल्याहून निघालो तेव्हा पाठीवर
मंगेश ढोरेची उसनी सॅक,
सॅकेत दोन हाफ पँटी, एक टोपी,
आणि खिशातल्या तिकिटावर
एकोणतीस वर्षांत कधीच न पाहिलेला समुद्र:
पणजी.

कोल्हापूरच्या स्टँडवर चहाला उतरलो
आणि चहा हातातल्या हातात कापायला लागला.
कंडक्टरनं कपाळाला हात लावला, चटका बसल्यासारखा काढला,
सॅक खाली आणून दिली.
"पाव्हणं, घाटात बेजार व्हशीला. हितंच उतरा."
बस गेली.
माझी खिडकी माझ्याशिवाय समुद्राकडे गेली.

लॉजची खोली अकरा नंबरची.
खाली चटणीचं कांडप.
सकाळी आठला ठोके सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत,
धप्प, आणि मग थोडं थांबून धप्प,
लाल धूळ जिन्यानं वर यायची,
मी खोकायचो,
आणि डोळे मिटले की वाटायचं
पलंगाच्या पायांवर काहीतरी येऊन आपटतंय,
मागे सरतंय, पुन्हा येतंय.

डॉक्टर हवालदार म्हणाले, डेंग्यू.
प्लेटलेट ऐंशी हजार.
घरी कुणाला कळवलंय का?
मी म्हणालो, हो.

खोल्या झाडायला बायाक्का यायची.
पहिल्या रात्री दाराबाहेरून आवाज आला,
"भात घेऊन आलो, उघडा."
मी बाप्याची वाट पाहत दार उघडलं
तर नऊवारीतली बाई,
हातात डबा, कपाळावर आडवं कुंकू.
आमच्याकडे बाई 'आली' असते.
इथे ती 'आलो' म्हणते,
'जातो' म्हणते, 'बसतो जरा' म्हणते
आणि बसते.
एकशे तीन तापात हे व्याकरण फार अवघड जातं.
मला वाटायचं, तिच्यासोबत आणखी कुणीतरी आहे,
दाराआड उभं.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन.
"पोचला का रे बाबू? समुद्र दिसला?"
"दिसला."
"मोठा हाये?"
"लय मोठा."
"आयकू दे मले."
मला दुसरं काही सुचलं नाही.
खिडकी उघडली, फोन बाहेर धरला.
धप्प.
धप्प.
आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली,
"हे तं मिरच्या कुटून रायले कोणी.
कुठी हायेस तू? जेवला का?"
मी खोकलो, मिरचीनंच,
पण तिला ते रडणं वाटलं
आणि मग मलाही तसंच वाटलं.

सहाव्या दिवशी ताप उतरला.
पाय दुसऱ्याचे मागून आणल्यासारखे.
बायाक्का म्हणाली, "चला, आमचा समुद्र दावतो,"
आणि रिक्षानं रंकाळ्यावर नेलं.
फुगे, भेळ, घोड्यावर बसून रडणारं पोर,
काठाला जलपर्णीचा ओला वास.
भेळ मला वर्ज्य होती. ती तिनं खाल्ली,
दोन्ही वाट्याची.
दगडी पायरीवर बसलो तर
वाऱ्यानं हातभर लांबीची एक लाट
आली, अंगठ्याला लागली, गेली.
मी बोट ओठाला लावून पाहिलं.
खारट.
घाम असणार.

"तुम्ही पाहिलाय का खरा समुद्र?"
कागद चुरगळत ती म्हणाली,
"कवा? चारदा निघालो.
एकदा सासू पडली, एकदा पूर आला,
एकदा पैसं दिलं न्हाईत मालकानं."
चौथ्यांदाचं सांगितलं नाही.
पाण्याकडे बघत नुसतं परत म्हणाली,
"निघालो हुतो की."

तिच्या बोलीत ते एकटीचं.
माझ्या कानाला दोघांचं ऐकू आलं.
मी दुरुस्त केलं नाही.
सॅक तिच्या आणि माझ्या मध्ये होती,
तिकीट धुण्यात गेलेलं.