आडवे खांब

दर मंगळवारी मी खाणीत गवत कापते.
आधी कडेकडेने मशीनने,
मग खड्ड्यात उतरून कोयत्याने.
पातं दगडाला लागलं तर ठिणगी उडते,
आणि आई म्हणते, उगाच कशाला डिवचा.

आत शिरण्याआधी फणसाखाली थांबायचं.
आजी, आजोबा, येऊ का, असं विचारायचं.
हो असं कुणी म्हणत नाही.
नाही असंही म्हणत नाही.
मग जायचं.

नऊ खांब आणि सात वाट्या.
खांबावर वाटी उपडी नाही, उताणी बसवायची,
तिच्यावर घर.
खाली पुरलेली माणसं, वर झोपलेली माणसं,
मधे हवा खेळती.
तसं होणार होतं.
पण सगळे अजून आडवेच,
जमिनीपासून तीन बाजूंनी सुटलेले,
कूस बदलता बदलता
कुणी हाक मारली म्हणून थबकलेले.

का सोडून गेले?
वादळ, म्हणतात. गलबतातून आलेला ताप, म्हणतात.
बाई शाळेची पोरं घेऊन येतात तेव्हा सांगतात,
नक्की माहीत नाही, असं वहीत लिहा.
पोरं लिहितात.
बेनुस्तोकाका म्हणायचा, जेवणावरून भांडण झालं असणार.
तो स्वतः गवंडी होता.
मला त्याचंच खरं वाटतं.

सायपानहून विमान येतं, कधी येत नाही.
आलं तर त्यातले दोघेचौघे इथवर पोचतात,
केकसारखा डोंगर बघून,
गंजलेलं साखरेचं इंजिन बघून,
कड्याखालचे पांढरे पक्षी बघून.
खड्ड्यात वाकतात आणि विचारतात,
उभे असलेले कुठे आहेत?
मी म्हणते, ते टिनियनला. तिथेही आता एकच.

वाट्यांत पावसाचं पाणी साचतं,
पाण्यात डासांची पोरं.
आरोग्य खात्याचा कागद आहे, पाणी उपसायचं.
नारळाच्या करवंटीने मी उपसते.
तळाशी छिन्नीचे घाव हाताला लागतात,
म्हणजे छिन्नी नसणार, शिंपलं असेल, दगडच असेल,
एकाच उजव्या हाताचे, तिरके, घाईचे,
आणि शेवटी शेवटी
बरेच उथळ.

सोंगसोंगला आमच्या घरामागे किरीनोचं घर आहे.
म्हणजे चार खांब.
सिमेंटचे, वर सळया निघालेल्या,
पुढच्या मजल्यासाठी म्हणून ठेवलेल्या.
पहिलाच झाला नाही.
पत्रे वादळाने नेले, किरीनोला बोटीने,
म्हणजे विमानानेच, पण आई बोटीने म्हणते,
तिच्या काळी माणसं बोटीने जायची.
सळयांना दोरी बांधून ती कपडे वाळत घालते.
पांढऱ्या चादरीवर गंजाचे डाग पडतात, तिला दिसत नाहीत.
मी सांगत नाही.

रविवारी त्याचा फोन येतो. तिकडे शनिवार असतो.
खांब आहेत ना उभे, तो विचारतो.
आहेत, मी म्हणते.
रताळी कशी आहेत.
बरी आहेत.
मग थोडा वेळ दोन्हीकडे समुद्र ऐकू येतो,
किंवा ती नुसती लाइनची खरखर असते.

आज दुपारी डबा खाऊन
मी सगळ्यात लांब खांबाशेजारी खड्ड्यात आडवी झाले.
गार लागतं. वर पट्टीएवढं आभाळ.
एक कावळा आला, आगा,
ते आता थोडेच उरलेत,
याच्या पायात निळं आणि पिवळं कडं,
कुणीतरी मोजून ठेवलेला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे,
मग परत माझ्याकडे,
हिला कधी उचलणार, असं.

उठले. गवताचे भारे गाडीत टाकले.
उपसलेल्या वाटीत तोवर
दोनचार थेंब पडलेच होते.